गप्प झालं की मग जायचं

उदगीरच्या मोंढ्यात भुजंगरावांच्या अडतीवर माणसं तुरीचा भाव विचारायला यायची आणि कुत्र्याचं औषध विचारून जायची. दारात कुत्रं नाही असा भुजंगरावांचा जन्मात एक दिवस गेला नव्हता. तीही गल्लीतली नव्हेत. कारवानी जातीची, लांबट तोंडाची, पोट पाठीला लागलेली, सशामागं सुटली की डोळ्याला दिसू नयेत अशी. त्यामुळे कुत्र्याच्या बाबतीत भुजंगराव बोलतील ती काळ्या दगडावरची रेघ. आणि त्यांना बोलतं करायला कुणी विचारावंच लागतं असंही नव्हतं.

पिल्लाला नुसतं म्हशीचं दूध पाजू नका, हगवण लागते. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करा, मीठ टाकू नका. कांदा तर दाखवूसुद्धा नका. गोचिडी दिसली की झोंबाझोंबी करून उपटू नका, तोंड कातड्यातच राहतं. उन्हाळ्यात पाण्याचं भांडं मातीचं ठेवा, बसायच्या जागी गोणपाट भिजवून अंथरा. पिसाळल्याची सुई साल चुकवू नका. कुत्र्याची जागा बदलायची असेल तर त्याचं जुनं अंथरूण बरोबर न्या, वास ओळखीचा असला की जीव रमतो. यात कुणी नाव ठेवावं असं काही नव्हतं. भुजंगरावांच्या हातची कुत्री चांगली पंधरा-पंधरा वर्षं जगली, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

पण त्यांचा खरा जोर वळण लावण्यावर. तिथं गडी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. ताटली खाली ठेवायची, कुत्र्यानं रेंगाळत खाल्लं तर उचलायची; पुढच्या वेळेला बरोबर खातं. बाहेर जाताना कुत्र्याचा निरोप घ्यायचा नाही, मागं वळून बघायचं नाही, म्हणजे ते मागं लागत नाही. आणि सगळ्यात मोठा मंतर ते तंबाखू मळत, समोरच्याला जरा ताटकळत ठेवून सांगायचे.

"पिल्लू रडलं तर जायचं न्हाई. गप्प झालं की मग जायचं. तेबी लगीच न्हाई. एक चहा होईस्तोवर थांबायचं. म्हंजी त्याला कळतं, रडल्यानं मालक येत न्हाई, गप्प बसल्यानं येतो."

"अन् चहा कुणाच्या दुधाचा करायचा, मालक?" शेजारचा गुंडप्पा विचारायचा. गुंडप्पाचं किराणा दुकान अडतीला लागूनच होतं आणि भुजंगरावांची थट्टा करायची मुभा साऱ्या मोंढ्यात त्या एकट्याला होती. लोक हसायचे. भुजंगरावही हसायचे, पण मंतर खरा होता.

भूकंप झाला तेव्हा त्यांच्या दारात बिजली नावाची कुत्री होती. बायको आधीच वारलेली, एकुलती एक लेक सुकन्या किल्लारीकडच्या एका खेड्यात दिलेली. गणपती बोळवून लोक झोपले होते ते पहाटे जमिनीनं हिसका दिला. उदगीरात भांडी पडली, भिंतींना चिरा गेल्या, माणसं अंगणात आली. किल्लारीकडे गावंच्या गावं खाली बसल्याची बातमी आली तेव्हा भुजंगरावांनी गुंडप्पाच्या टेम्पोत बिजलीला चढवलं आणि निघाले.

गाव कुठलं राहिलं होतं. दगडमातीचे ढीग, आणि ढिगांवर बसलेली माणसं. जावयाचं घर कोणतं हे जावयाच्या भावकीलाही दाखवता येईना. शेवटी बिजलीनंच एका ढिगावर चढून पंजे मारायला सुरुवात केली. ती बाजूला व्हायला तयार होईना, तेव्हा लोकांनी तिथं हात घातला. खाली बाज होती. बाजेखाली सुकन्याचं पोरगं, अनय, नुकतं पाऊल टाकायला लागलेलं, मातीनं माखलेलं, जिवंत. बाजेच्या बाहेर सुकन्या. तिचा हात बाजेच्या खुराभोवती असा आवळलेला होता की तो सोडवायला दोन माणसं लागली. छताचा लाकडी सर तिच्या पाठीवर पडला होता. बाज हलू नये म्हणून तिनं खूर धरला होता, की पोराला ओढता येईना म्हणून, ते तिलाच माहीत. जावई, त्याचे आईबाप, कुणी वाचलं नाही.

भुजंगराव रडले नाहीत. लोक म्हणाले, दगडाची छाती. छाती दगडाची नव्हती. आपण एकदा रडायला लागलो तर थांबणार नाही, एवढंच त्यांना त्या वेळी कळलं होतं, म्हणून त्यांनी ते सुरूच केलं नाही. पोराला पंच्यात गुंडाळलं आणि टेम्पोत बसले.

त्या हिवाळ्यात उदगीरात कुणी घरात झोपत नव्हतं. गल्लीच्या गल्ली अंगणात, पत्र्याच्या आडोशाला. दिवेलागण झाली की अनय आईला हाका मारायला लागायचा, आणि अख्खी गल्ली ते ऐकायची. गुंडप्पाची बायको पहिल्या दिवशी उठून आली, तर भुजंगरावांनी तिला आडवा हात केला.

"वहिनी, हात लावू नका. गप्प झालं की मी घेतो."

"अय्यो, मालक, पोरगं हाय ते," गुंडप्पा म्हणाला. "कुत्र्याचं पिल्लू न्हाई."

"आईवेगळं झाल्यावर दोघाचं दुखणं एकच असतंय. कुरवाळलं तर जन्मभर रडंल. मी काय आजच पाळाय लागलो का?"

गुंडप्पाची बायको पदर तोंडात कोंबून घरात गेली. पोरगं ओरडून ओरडून घोगरं व्हायचं, मग थांबायचं. मग भुजंगराव चूल पेटवायचे, चहा करायचे, पूर्ण पेला पिऊन उठायचे आणि पोराला उचलून घ्यायचे. घेतल्यावर मात्र छातीशी असं धरायचे की बिजलीसुद्धा तोंड वर करून बघत राहायची. पण ते छातीशी धरणं पोराला गप्प झाल्यावरच मिळायचं. दिवाळीपर्यंत अनय दिवेलागणीला रडायचा थांबला. शिमग्यापर्यंत तो पडला, खरचटला तरी रडायचा थांबला. भुजंगरावांनी अडतीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, बघा, वळण म्हंजी हे.

सुकन्याचा फोटो त्यांनी ट्रंकेत तळाला घातला. आईचं नाव काढलं की पिल्लू पुन्हा मागं जातं, हाही त्यांचाच एक नियम होता. पोरानं जरा मोठं झाल्यावर एकदा विचारलं, "आबा, मी कसा सापडलो?" तर ते म्हणाले, "बिजलीनं काढलं," आणि तुरीच्या पोत्याकडे गेले. पोरानं परत विचारलं नाही. एकदा उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायचं नसतं, हे तोवर त्याच्या अंगात मुरलं होतं.

अनय भराभर जेवायचा. हट्ट नाही, मागणं नाही, तक्रार नाही. गल्लीतल्या आया आपल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायच्या, आणि पोरं त्याच्याशी खेळायची नाहीत. दहावीला तालुक्यात पहिला आला तेव्हा लातूरला शिकवण्यांची जत्रा भरलेलीच होती. चौकाचौकात डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो, गल्लीगल्लीत खानावळी, एकेका खोलीत चार-चार कॉट. भुजंगरावांनी त्याला तिथल्या एका वसतिगृहात नेलं, ट्रंक ठेवली, कॉटवर त्याची जुनी वाकळ अंथरली. पोरगं नळावर तोंड धुवायला गेलं तेवढ्यात ते जिना उतरून रस्त्याला लागले. मागं वळून बघितलं नाही. बसमध्ये बसल्यावर त्यांचे डोळे भरून आले, पण ते बघायला तिथं कंडक्टरशिवाय कुणी नव्हतं.

दर रविवारी वसतिगृहाच्या फाटकाशी आयाबाप डबे घेऊन उभे राहायचे. कुणाचे धपाटे, कुणाची शेंगदाण्याची पोळी, कुणी पोराच्या डोक्याला तिथंच तेल चोळायची. भुजंगराव दोन वर्षांत एकदाही गेले नाहीत. "जाऊन आलं की दोन दिवस हुरहुरतं," ते गुंडप्पाला म्हणायचे, "कशाला जायचं?" गुंडप्पा एकदा त्यांना न सांगता जाऊन आला. परत आला तेव्हा म्हणाला, पोरगं खिडकीत बी उभं राहत न्हाई हो मालक. भुजंगरावांना हे ऐकून बरं वाटलं.

अनय डॉक्टर झाला. लहान मुलांचा डॉक्टर. नांदेडला त्यानं दवाखाना टाकला, कॉलेजात शिकवणाऱ्या मालविकाशी लग्न केलं. बिलोली-देगलूरकडच्या बाया पोरं काखोटीला मारून त्याच्याकडे येऊ लागल्या. पोरगं रडत असेल तर तो हात मागं घेऊन शांत उभा राहायचा आणि आईला सांगायचा, रडू द्या, आपोआप थांबतं. थांबायचंही. डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं बाया म्हणायच्या.

गेल्या दिवाळीनंतर भुजंगरावांना अडतीवर चक्कर आली. गुंडप्पानं फोन केला, अनय त्याच दिवशी गाडी घेऊन आला. तपासलं, कपडे भरले, म्हाताऱ्याला पुढं बसवलं, आता दारात होती त्या लाखी कुत्रीला मागं.

"मला हितंच राहू दे," भुजंगराव म्हणाले. "म्हाताऱ्याची जागा बदलू न्हाई."

"तुमची वाकळ घेतलीय सोबत," अनय म्हणाला. "वास ओळखीचा असला की जीव रमतो."

भुजंगरावांना हसू आलं. गुंडप्पाला हाक मारून सांगावं, असं वाटलं. पोरगं कसं एकेक शब्द ध्यानात ठेवून आहे! गुंडप्पा दुकानाच्या पायरीवर उभा होता; तो काही हसला नाही.

नांदेडच्या घरात सगळं जिथल्या तिथं होतं. पलंगाला लागून पाण्याचं मातीचं भांडं, पायाखाली न सरकणारी चटई, जेवणं घड्याळाला बांधलेली. रविवारी अनय स्वतः त्यांची नखं काढायचा, आधी कोमट पाण्यात पाय भिजवून, म्हणजे नख तडकत नाही. दिवसातून दोनदा लाखीला फिरवायचा आणि एकदा भुजंगरावांना. आठवडाभर म्हाताऱ्याची छाती फुगलेली होती. एवढं नीट आपलं कुणी कधी केलं नव्हतं.

मग एका सकाळी कवळी नीट बसेना. भुजंगराव भाकरीचा घास तोंडात घोळवत बसले, आणि अनयनं ताट उचललं.

"अहो, ते अजून जेवताहेत," मालविका म्हणाली.

"असू दे. दुपारी भूक लागली की बरोबर खातील."

तो भुजंगरावांच्या डोक्यावरून बोलत होता. समोर बसलेल्या माणसाबद्दल, त्याला ऐकू येतंय हे माहीत असून, त्याला कळत नसल्यासारखं. भुजंगराव रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले. ताट उचलणाऱ्याचा हात त्यांना ओळखीचा वाटला, तो त्यांचाच होता.

त्यांना जेवणाचं दुःख नव्हतं. त्यांच्या पोटात दुसरंच काही होतं. चक्कर येऊन खाली पडले तेव्हा त्यांना सुकन्याचा हात दिसला होता, बाजेच्या खुराभोवती आवळलेला, नखांत माती भरलेली. तो हात आपण बघितला आणि ज्याच्यासाठी तो आवळलेला होता त्याला कधी सांगितला नाही. आपण मेलो की तो हात कुणालाच माहीत राहणार नाही. एवढं एक पोराला सांगायचं होतं. त्याला घटकाभर जवळ बसवायचं, आणि सांगायचं. बस्स.

म्हणून ते हाका मारायला लागले. "अनय! ए अनय, जरा ये ना इकडं." हाक ऐकून कुणी यायचं नाही. मालविका एक-दोनदा आली, मग तिला कुणीतरी थांबवल्याचा आवाज आला. हाका थांबल्या की काही वेळानं अनय दारात यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि प्रेमानं म्हणायचा, "हं. आता कसं." हात ऊबदार असायचा. तेवढ्यात भुजंगराव बोलायला लागावेत, तर तो मागं न बघता गेलेला असायचा.

त्यांनी मग आडून आडून प्रयत्न केले. न्हाणीघरातून पंचा मागायचे, साबण सापडत नाही म्हणायचे, नळ गळतोय म्हणायचे. रोज काहीतरी. पोरगं हुशार, त्यानं दोन दिवसांत ओळखलं.

एका दुपारी त्यांनी दवाखान्याला निघालेल्या अनयचा हातच धरला.

"बस ना रे जरा. तुझ्या आईचं सांगायचंय."

"निघताना नको, आबा. मग दिवसभर तुम्हाला हुरहुर लागते."

"मी काय कुत्रं हाय का रे?"

अनय दचकला. त्याला खरंच वाईट वाटलं. त्यानं हात सोडवला नाही, उलट दुसरा हात त्यावर ठेवला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "असं काय बोलता? तुम्ही जे केलंत त्यात सगळ्यात चांगलं तेच तर केलंत. मला दुसरं येतच नाही, आबा."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर भुजंगरावांनी दोन शिव्या हासडल्या असत्या आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं. पोरगं मनापासून बोलत होतं. ते गेल्यावर म्हातारा वाकळीत तोंड खुपसून बसला. वाकळीला उदगीरचा वास येत होता, तुरीचा आणि बिजलीचा.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी भुजंगराव आंघोळीला गेले. आज सुट्टी, पोरगं दिवसभर घरात, आज नखं काढायला बसलं की सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पाय पाण्यात असताना ते उठून जाणार नाही. त्या विचारानं जीव हलका झाला होता. तांब्या घ्यायला वाकले आणि फरशीवरून पाय गेला.

मांडीच्या वरच्या बाजूला काहीतरी मोडल्याचा आवाज त्यांना आधी ऐकू आला, कळ नंतर आली. "आई गं!" ते ओरडले. "अनय! अनय रे! आई गं!"

दाराबाहेर लाखी येऊन विव्हळायला लागली. पंजे दारावर घासू लागली. पलीकडे बैठकीत खुर्ची सरकली.

"आबा ओरडताहेत," मालविकाचा आवाज आला.

"पंचा राहिला असेल."

"आज वेगळं वाटतंय. मी बघून येते."

"थांब," अनय म्हणाला. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज झाला. "आज गेलीस तर पंधरा दिवसांचं पाण्यात जाईल. गप्प होऊ दे आधी. लाखी, चूप! बस तिथं."

लाखी बसली. तिला ते भुजंगरावांनीच शिकवलं होतं, एका शब्दात बसायचं आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही.

भुजंगरावांनी "मोडलं रे" म्हणायला तोंड उघडलं. कळ अशी उठली की शब्दाच्या जागी नुसता कुत्र्यासारखा आवाज आला. तो आवाज ऐकून ते स्वतःच घाबरले. आणि मग त्यांना नियम आठवला. आपण ओरडू तेवढं पोरगं लांब जाणार. आपण गप्प बसलो तर येणार. नक्की येणार, ते पोरगं नियम मोडणारं नव्हतं, त्याला वळण कुणी लावलं होतं? आल्यावर छातीशी धरील. मग सांगू.

त्यांनी ओला पंचा ओढला, त्याचा बोळा केला आणि दातांत घातला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज बंद झाला. घर शांत झालं.

"गप्प झाले," मालविका म्हणाली.

"बघितलंस?" अनयच्या आवाजात माया होती. "आता लगेच नको जाऊ. चहा ठेव. चहा झाला की मी जातो."

स्वयंपाकघरात लायटरची टिकटिक झाली, गॅस पेटला, पातेल्यात पाणी पडलं. न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीतून लाखीचं नाक दिसत होतं. भुजंगरावांनी बादलीची कडी घट्ट धरली होती. त्यांची बोटं आता हळूहळू गार पडायला लागली होती, पण पकड सुटली नव्हती. पंचा त्यांनी दातांत तसाच धरून ठेवला, आणि चहाला आधण येण्याची वाट बघत ते अगदी गप्प पडून राहिले.